जुनं स्पॅनिश खिशातलं पिस्तूल : नाव नको, नग बघा

जुन्या स्पॅनिश पिस्तुलाची जाहिरात वाचताना त्याच्यावरचं नाव सर्वांत शेवटी वाचावं. रूबी, डिस्ट्रॉयर, मार्शन, रॉयल, व्हिक्टोरिया, दांतोन, बुफालो... ही यादी हवी तेवढी लांबवता येते. नावं वेगळी, मुठीवरची नक्षी वेगळी, पण आतला आराखडा बहुतेकांचा एकच. उलट एकाच नावाची दोन पिस्तुलं शेजारी ठेवली, तर एकाचं पोलाद ठणठणीत आणि दुसऱ्याचं इतकं मऊ की आतले कोपरे झिजून गोल झालेले, असंही दिसतं. म्हणून इथे कंपनीच्या लौकिकावर विसंबून चालत नाही, हातातला नग तपासावा लागतो. तो कसा तपासावा आणि तपासणीत उतरला तर रेंजवर कसा चालवावा, एवढंच या लेखात सांगायचं आहे. लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी संग्राहकांसाठी आहे, कारण अशी पिस्तुलं कायदेशीरपणे आणि परवडणाऱ्या दरात तिथे मिळतात. भारतातल्या वाचकांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, ते त्यांनी जरूर वाचावं.

आधी थोडा इतिहास, कारण या पिस्तुलांचे गुणदोष त्यातूनच आले आहेत. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात एइबार नावाचं गाव आहे. डोंगरांच्या बेचक्यातलं हे गाव कित्येक पिढ्या शस्त्रं घडवून जगलं. घरोघरी भाता आणि कानस. बेल्जियमच्या लिएज शहराजवळच्या एफएन कारखान्याने जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून १९०३ चं मोठं आणि १९०६ चं ६.३५ मिलिमीटरचं छोटं पिस्तूल बाजारात आणलं, तेव्हा एइबारच्या कारागिरांनी दोन्हींच्या नकला सुरू केल्या. परदेशी पेटंटधारकाने ठरलेल्या मुदतीत स्पेनमध्येच उत्पादन सुरू केलं नाही, तर त्याचं संरक्षण संपायचं; तिथल्या कायद्यातली ही तरतूद त्यांच्या पथ्यावर पडली.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला आणि फ्रेंच सैन्याला पिस्तुलांची चणचण भासू लागली. गाबिलोंदो इ उरेस्ती या एइबारच्या कंपनीचं रूबी नावाचं ७.६५ मिलिमीटरचं, नऊ गोळ्यांचं पिस्तूल फ्रेंचांना पसंत पडलं. १९१५ मध्ये महिन्याला दहा हजारांची मागणी आली, ती पुढे तीस हजारांवर गेली. एका कंपनीच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. तिने आधी चार शेजाऱ्यांना वाटेकरी केलं, नंतर फ्रेंचांनी स्वतःच इतर कारखान्यांशी करार केले, आणि अखेरीस गावातले डझनावारी कारखाने रूबी बनवू लागले. फ्रान्सला सात लाखांहून अधिक पिस्तुलं गेली. प्रत्येक कारखान्याचं पोलाद वेगळं, ते कडक करण्याची रीत वेगळी, कानस मारणारा हात वेगळा. एकाचं मॅगझिन दुसऱ्याच्या मुठीत बसेना. शेवटी फ्रेमवर आणि मॅगझिनच्या बुडावर कारखान्याची दोन अक्षरी खूण ठोकायची पद्धत पडली. तुमच्या दृष्टीने ती खूण मोलाची आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

युद्ध संपलं तशी मागणीही आटली. विशीच्या दशकात उरलेले कारखाने मिळेल त्या नावाने, मिळेल त्या देशात पिस्तुलं विकत राहिले. काहींनी धंदाच बदलला. आज सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑर्बिया आणि बीएच या दोन्ही कंपन्या मुळात एइबारच्या बंदूक-पिस्तूलवाल्या. बीएच म्हणजे बेइस्तेगी बंधू, ज्यांच्या खुणेची रूबी आजही विक्रीला येते. आल्फा शिलाई मशीनही त्याच गावचं. मग १९३६ ते १९३९ चं यादवी युद्ध. २६ एप्रिल १९३७ ला ज्या गेर्निकावर बॉम्ब पडले आणि ज्याच्यावर पिकासोने चित्र काढलं, त्याच गेर्निकात उन्सेता कंपनीचा आस्त्रा कारखाना होता आणि तो त्या हल्ल्यातून वाचला. युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने पिस्तुलं बनवायची परवानगी फक्त तिघांना ठेवली : आस्त्रा, स्टार आणि गाबिलोंदोची यामा.

खरेदीच्या दृष्टीने हीच मोठी सीमारेषा. यादवी युद्धानंतरचं पिस्तूल या तिघांपैकीच कुणाचं तरी असतं, आणि तिघांचंही काम चांगलं होतं. चालवण्यासाठी पहिलंच पिस्तूल घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे : आस्त्रा ३००, किंवा पन्नाशीच्या दशकानंतरचं छोटं आस्त्रा किंवा स्टार घ्या. आस्त्रा ३०० हे नळकांड्यासारख्या गोल स्लाइडचं, वजनाला भरीव, तीन सुरक्षांचं पिस्तूल आहे : अंगठ्याचा खटका, मुठीमागची दाबपट्टी, आणि मॅगझिन काढलं की चाप न चालण्याची सोय. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ते मोठ्या संख्येने विकत घेतलं. त्याहून लहान हवं असेल तर आस्त्रा कब आहे. हेच पिस्तूल १९५८ पासून कोल्ट ज्युनियर या नावाने अमेरिकेत विकलं गेलं, म्हणजे कोल्टचा घोडा मिरवणारं ते पिस्तूल गेर्निकात बनत होतं. तिथल्या १९६८ च्या बंदूक कायद्याने इतक्या लहान पिस्तुलांची आयात थांबली.

रूबी आणि तिच्या बहिणी मात्र आधी इतिहासासाठी घ्याव्यात, चालवणं नंतर. मला स्वतःला रूबी फार आवडते. कानशीचे ओरखडे उघड दिसणारं असं सैनिकी हत्यार विसाव्या शतकात दुसरं क्वचितच सापडेल. पण आवडीपोटी तपासणीत सूट देऊ नये.

ठसे वाचा

स्लाइडवर '१९१४ मॉडेल' असं कोरलेलं दिसलं की विक्रेता 'पहिल्या महायुद्धातलं' म्हणून किंमत चढवतो. ते मॉडेलचं नाव आहे, जन्मसाल नव्हे. १९१४ मॉडेल कोरलेली पिस्तुलं विशीतही बनत होती. खरं साल कळायचं असेल तर एइबारच्या चाचणीगृहाचे शिक्के शोधा. स्पेनमध्ये शस्त्रांची अधिकृत चाचणी १९२३ मध्ये सक्तीची झाली आणि १९२७ पासून प्रत्येक वर्षाला एक अक्षर ठरलं : १९२७ ला ए, १९२८ ला बी, असं करत १९५४ ला झेड. १९५५ पासून पुन्हा ए१, बी१. स्पॅनिश वर्णमालेतली सीएच, जोड एल आणि डोक्यावर लाट असलेला एन ही अक्षरंही या क्रमात धरली आहेत, आणि डब्ल्यू वगळलं आहे. त्यामुळे इंग्रजी वर्णमालेवर बोटं मोजून काढलेलं साल चुकतं. हे अक्षर मिळालं तर पिस्तूल चाचणीला गेलं होतं एवढी खात्री होते, आणि चालवायच्या नगासाठी हा मोठाच दिलासा.

फ्रेंच सैन्याने स्वीकारलेल्या रूबीवर ताऱ्याची खूण असते. पहिल्या युद्धानंतर फ्रान्सकडून काही रूबी फिनलंडला गेल्या. त्यांच्यावर चौकटीत एसए अशी अक्षरं दिसतात, आणि संग्राहक त्यांना जास्त मोजतात. आस्त्रा ३०० वरचा जर्मन गरुड किंवा तपासनिसाचा शिक्का दिसला, तर मात्र हात आखडता घ्या. खोटे शिक्के मारून किंमत वाढवण्याचे प्रकार होतात.  असा ठसा भिंगाखाली आणि दिवसाच्या उजेडात बघा. फोटोवरून ठरवू नका.

पुन्हा चढवलेला रंगही ओळखता यायला हवा. स्लाइडच्या सरळ कडा गोलावल्या असतील, अक्षरं पुसट झाली असतील, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडला असेल, तर कुणीतरी गंज घासून वर नवा निळा रंग दिला आहे. असं पिस्तूल चालवायला वाईट असतंच असं नाही, पण संग्रहासाठी त्याची किंमत निम्म्यावर आली असं धरून बोला.

कागदपत्रं

'अँटीक आहे, कागद लागत नाही' असं कुणी म्हणाला तर तिथेच थांबा. अमेरिकेच्या कायद्यात अँटीक म्हणजे १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र. ज्या ब्राउनिंगच्या या नकला आहेत, ते मूळच १९०३ चं. तेव्हा एइबारची अशी कोणतीही नक्कल त्या व्याख्येत बसत नाही. ही पिस्तुलं बसतात 'क्युरिओ अँड रेलिक' या वर्गात : ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ अवस्थेतली शस्त्रं. त्यांच्यासाठी एटीएफ हे केंद्रीय खातं संग्राहकाचा वेगळा परवाना देतं. तो टाइप ०३ म्हणून ओळखला जातो. शुल्क तीन वर्षांना ३० डॉलर. या परवान्यावर दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडूनही अशी पिस्तुलं थेट मागवता येतात. त्या बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद बांधीव वहीत ठेवावी लागते. हा परवाना संग्रहासाठी आहे, धंद्यासाठी नाही. तो नसेल तर परराज्यातली खरेदी परवानाधारक दुकानामार्फतच करावी लागते.

राज्याराज्यांचे नियम याच्या वर लागू होतात. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीची वेगळी परवानगी काढावी लागते, न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलाचा परवाना हातात असल्याशिवाय काहीच होत नाही. आणि आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचं : एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा काडतूस बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी जाते. मित्राच्या नावावर घेऊन आपल्याकडे ठेवण्याचा विचारही करू नका. तो गंभीर केंद्रीय गुन्हा आहे. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी चित्र वेगळं आहे. १९९७ च्या बंदीनंतर तिथे अशी पिस्तुलं फक्त ऐतिहासिक संग्रहाच्या अगदी अरुंद अपवादात ठेवता येतात, आणि चालवायची तर नेमून दिलेल्या जागीच.

हातात घेतल्यावर

विक्रेत्याची परवानगी घ्या, पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. हा क्रम उलटा होता कामा नये. रूबी जातीच्या पिस्तुलात मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली गोळी सुटते. पिस्तूल रिकामं असल्याची तुमची स्वतःची खात्री पटल्यावरच पुढच्या चाचण्या करा.

पहिली चाचणी सुरक्षेच्या खटक्याची. मूळ ब्राउनिंगमध्ये खटका सियरला, म्हणजे हॅमरला अडवून धरणाऱ्या तुकड्याला, रोखतो. एइबारच्या बहुतेक नकलांत खटका चापाच्या वर, डाव्या बाजूला आला आणि फक्त चाप अडवू लागला. सियर मोकळाच राहिला. शिवाय हा खटका सैल होऊन आपोआप 'चालू' वर सरकण्याची खोड त्यात आहे. चामड्याच्या म्यानात घासून खटका पडू नये म्हणून फ्रेंचांनी स्लाइडच्या डाव्या अंगावर एक बटणासारखी मेख बसवून घेतली, ती अनेक रूबींवर दिसेल. आता हॅमर चढवा (तो आत लपलेला असतो, स्लाइड मागे ओढली की चढतो), खटका बंद करा आणि चाप चांगला जोर लावून दाबा. काहीच होता कामा नये. चाप सोडा आणि मग खटका उघडा. याच क्षणी हॅमर 'टक्' करून पडला, तर ते पिस्तूल चालवायचं नाही. कपाटात ठेवायला घ्या, नाहीतर सोडून द्या.

दुसरी चाचणी सुटवणीची, म्हणजे एका दाबाला एकच गोळी सुटते ना, याची. चाप दाबून हॅमर पाडा, चाप तसाच दाबून धरा, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. आता चाप हळू सोडा. बारीक खट् असा आवाज येईल. पुन्हा दाबा, हॅमर पडेल. चाप दाबलेला असतानाच हॅमर स्लाइडबरोबर खाली आला, तर हे पिस्तूल एका दाबात दोन-तीन गोळ्या सोडू शकतं. शंभर वर्षं जुन्या मऊ सियरचा हा नेहमीचा आजार आहे. तिसरी चाचणी सोपी : हॅमर चढलेला असताना फ्रेमच्या पाठीवर तळहाताने दोन-चार थापा मारा. त्या धक्क्याने तो पडायला नको.

मग पिस्तूल उघडायला सांगा. रूबीत स्लाइड मागे ओढून खटका तिच्या पुढच्या खाचेत अडकवायचा, नळी फिरवून तिचे दात फ्रेममधून सोडवायचे, आणि स्लाइड पुढून काढून घ्यायची. खाच झिजलेली असेल तर खटका निसटून स्लाइड बोटावर आदळते. नळी फिरवताना बोट कुठे आहे याकडे लक्ष ठेवा. आस्त्रा ३०० मध्ये नळीभोवतीची स्प्रिंग इतकी जोरकस आहे की तोंडाचं बूच सुटलं तर ते डोळ्यावर येतं. चष्मा घातल्याशिवाय हे पिस्तूल उघडू नये.

उघडलेल्या पिस्तुलात तीन ठिकाणी भिंग लावा : स्लाइडवर रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीचे कोपरे, खटक्यासाठी कापलेल्या खाचेची टोकं, आणि नळीखालच्या दातांची मुळं. केसासारखी रेष दिसली आणि ती तेलाच्या फडक्याने पुसूनही जात नसेल, तर तो तडा आहे. या पिस्तुलांत स्लाइडला कुलूप नसतं. गोळी सुटताना तिला रोखतात ते फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. स्प्रिंग थकली की स्लाइड प्रत्येक वेळी फ्रेमवर आदळते आणि तडे इथूनच सुरू होतात. त्यामुळे पिस्तूल कितीही चांगलं वाटलं तरी रेंजवर नेण्याआधी नवी स्प्रिंग घाला. अमेरिकेत वुल्फ कंपनी जुन्या पिस्तुलांसाठी अशा स्प्रिंगा बनवते. बाकीचे सुटे भाग मिळवणं दिवसेंदिवस कठीण होत जाणार, कारण आस्त्रा आणि स्टार दोघीही १९९७ मध्ये बंद झाल्या आणि एइबारचे छोटे कारखाने तर त्याच्या कितीतरी आधी गेले. फायरिंग पिन तुटली तर रूबीला दुसऱ्या रूबीची पिन बसेलच असं नाही. कारागिराकडून घासून बसवावी लागते.

नळीच्या आत दिवा टाकून बघा. आटे थोडे काळवंडलेले असणं चालतं. पण नळीला बाहेरून कड्यासारखा फुगवटा आणि आत तिथेच काळं वलय दिसलं, तर कधीतरी नळीत गोळी अडकलेली असताना दुसरी सोडली गेली आहे. ते पिस्तूल चालवायचं नाही.

आता ती दोन अक्षरी खूण. फ्रेमवरची आणि मॅगझिनच्या बुडावरची अक्षरं सारखी असतील तर तो मूळ जोड. संग्राहक त्यासाठी जास्त पैसे देतात ते योग्यच आहे, कारण दुसऱ्या कारखान्याचं मॅगझिन बसलं तरी केसभर खाली-वर बसतं आणि गोळी चेंबरच्या तोंडाशी अडते. जोड मॅगझिन नसलेल्या रूबीची किंमत पाडून मागा. लिलावात रूबी अजूनही काहीशे डॉलरांत मिळते. चांगल्या मॅगझिनसाठी त्यातले बरेचसे वेगळे काढावे लागतात.

काडतूस

६.३५ म्हणजे .२५ ऑटो, ७.६५ म्हणजे .३२ ऑटो, ९ मिलिमीटर कोर्तो म्हणजे .३८० ऑटो. आस्त्रा ३०० शेवटच्या दोन्हींत बनलं, तेव्हा नळीवर काय कोरलं आहे ते वाचूनच काडतूस घ्या. .३२ ऑटो आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, आणि स्पेनमध्ये छोटी रिव्हॉल्व्हरंही ढिगाने बनत असल्याने जुन्या डब्यांत ती एकत्र सापडतात.

काडतूस नवं, कारखान्यात भरलेलं, पूर्ण धातूने मढवलेल्या गोलाकार गोळीचं घ्या; .३२ ऑटोत ७१ ग्रेन, .२५ मध्ये ५० ग्रेन. 'जास्त जोराचं' असं लिहिलेला डबा परत ठेवा. पोकळ टोकाची गोळी टाळण्याचं कारणही यांत्रिक आहे. .३२ ऑटोच्या पुंगळीला बुडाशी किंचित बाहेर आलेली कडा असते. पोकळ टोकाचं काडतूस लांबीला आखूड असल्याने मॅगझिनमध्ये ते मागे-पुढे सरकतं, वरच्याची कडा खालच्याच्या मागे अडकते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांना धरून बसतात. मग स्लाइड कितीही ओढा, सुटत नाहीत. मॅगझिन भरतानाही प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसली ना, हे पाहत भरावं. युद्धकाळातली जुनी काडतुसं चालवूच नयेत : त्यांच्या टोपीतल्या क्षारांनी नळी गंजते, आणि गोळी अर्ध्यात अडकण्याचा धोका वेगळाच.

रेंजवर

जुन्या पिस्तुलांची सवय असलेल्या गनस्मिथला ते आधी दाखवलं पाहिजे. त्याची फी पिस्तुलाच्या किमतीचा मोठा हिस्सा वाटेल, तरी द्या.

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, आणि पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस. ते नीट सुटलं, पुंगळी बाहेर पडली, की ती उचलून बघा : बूड फुगलंय का, टोपी आत ठोकली गेलीय की भोक पडलंय, अंगावर उभी चीर आहे का. सगळं ठीक असेल तर दोन काडतुसं भरा. दोनच, कारण सियर झिजलेला असेल आणि एका दाबात दोन सुटल्या, तर तिसरी वर छताकडे जाऊ नये. अशा दोन-दोनच्या काही फेऱ्या स्वच्छ गेल्यावरच मॅगझिन भरायला घ्या, तेही पूर्ण नाही. चेंबरमध्ये हाताने सुटी गोळी टाकून वरून स्लाइड सोडू नका. जुना एक्स्ट्रॅक्टर त्या झटक्याने तुटतो. चाप दाबल्यावर काहीच झालं नाही, तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून थोडं थांबा, मग काडतूस बाहेर काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर लगेच थांबून नळी तपासा, कारण गोळी आतच राहिलेली असू शकते.

पकड लहान असल्यामुळे हाताचं मांस मुठीच्या वर येतं आणि मागे येणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनीमधलं कातडं सोलून काढते. दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच आडवा टाकू नका. माशी आणि खाच नावापुरतीच असते, म्हणून लक्ष्य ७ मीटरवर लावा; त्या अंतरावर बशीएवढ्या गोलात गोळ्या पडल्या तर पिस्तुलाने आपलं काम चोख केलं. एका बैठकीत एक-दोन मॅगझिन पुरेत. हे रोजच्या सरावाचं हत्यार नव्हे, आणि जवळ भरून बाळगण्याचं तर अजिबात नव्हे. फक्त चाप अडवणाऱ्या खटक्याचं पिस्तूल चेंबरमध्ये गोळी ठेवून खिशात घालणं म्हणजे स्वतःच्या मांडीशी खेळ आहे.

घरी आल्यावर नळी साफ करा, पुसट तेल लावा, आणि पिस्तूल चामड्याच्या म्यानात न ठेवता कापडात गुंडाळून तिजोरीत ठेवा. चामडं ओल धरतं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

भारतातल्या वाचकांसाठी

वरची खरेदी भारतात शक्य नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला वारशाने आलेली धरून जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परदेशातून खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे. जुन्या, निकामी शस्त्रांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना. चालू रूबी केवळ शंभर वर्षांची झाली म्हणून त्यात बसत नाही. परदेशातून भारतात येताना एक खबरदारी जरूर घ्या : रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला कधीच वापरू नका. खणात राहून गेलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर अटकेला पुरेसं असतं.

तरीही स्पॅनिश पिस्तुलं आपल्याकडे आहेत. आयात खुली होती त्या काळात आलेली .३२ आणि .२५ ची पिस्तुलं परवानाधारकांकडे आजही असतात, आणि त्यांना लागणारं ७.६५ चं काडतूस पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आलं आहे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ ७.६५' असा ठसा असतो. आजोबांच्या किंवा वडिलांच्या परवान्यावरचं असं पिस्तूल त्यांच्या पश्चात घरात पडून असेल, तर ते कपाटात ठेवणं हाच गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही निर्मळ असो. ते स्वतः उघडायला किंवा खटके दाबून बघायला जाऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या, आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. जमा करताना विक्रेत्याकडून नळीवरची आणि मुठीजवळची अक्षरं नीट टिपून घ्या. पिस्तूल पुढे घरात राहो वा न राहो, ते कुठल्या गावात आणि कोणत्या साली बनलं हे त्या अक्षरांवरून बहुधा सांगता येईल.